बाईंचे नळ

बाई गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. सांगणारी मुलगी आमच्या वसतिगृहात राहून शिकली होती. आता ती इथे नाशिकलाच, द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. "मावशी, बाई गेल्या हो. पुण्याला भाचीकडे होत्या ना, तिकडेच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मला कोण सांगणार? मी नुसती मान हलवली. मग तिने एक बोट वर केलं, बाईंसारखा आवाज काढला आणि म्हणाली, "कोरडा!" आम्ही दोघी हसलो. "येते मावशी, ड्युटी आहे," म्हणून ती गेली. मी गवार घ्यायला गेले होते, ती न घेताच घरी आले.

त्या बोटाची गोष्ट अशी. आमचं वसतिगृह गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे. बाहेरगावच्या मुली तिथे राहून शिकतात. मी तिथे स्वयंपाकाला आहे आणि बाई तिथल्या रेक्टर होत्या. रोज सकाळी त्या सगळ्या नळांची फेरी करायच्या. प्रत्येक नळाचं तोंड पदराने पुसायच्या आणि तिथेच उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायच्या. म्हणून झालं की नळाच्या तोंडाला बोट लावायच्या. बोट सुकं राहिलं तर मोठ्याने, "कोरडा!" आणि पुढच्या नळाकडे. मुलींची झोप त्या आवाजानेच मोडायची. त्याला मुली बाईंचा भोंगा म्हणायच्या. एखादं बोट ओलं झालं तर मात्र बाई ओरडायच्या नाहीत. "ओला," असं अगदी हळू म्हणायच्या, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, नळापाशी उभ्या राहून कुठलं स्तोत्र म्हणता?"

"स्तोत्र नाही हो, पावकी म्हणते, पाव-पावचा पाढा. एक पावकी म्हणेपर्यंत थेंब आला नाही तर नळ चांगला. देवाला कशाला नळात ओढायचं?"

बाई उंच होत्या आणि वाळलेल्या होत्या. सुती साडी, मानेवर लिंबाएवढा अंबाडा. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटा पाना अडकवलेला असायचा. चालताना तो किल्ल्यांवर वाजायचा, त्यामुळे बाई कुठे आहेत ते सगळ्या मजल्यांवर कळायचं. मुलींना ते सोयीचं होतं. फोनवर बोलणाऱ्या मुली पाना वाजला की फोन उशीखाली सारायच्या.

त्या सगळ्यांना अहोजाहो करायच्या. मुलींना, मला, कचरेवाल्याला, ओट्यावर चढलेल्या मांजरालासुद्धा. "अहो, खाली उतरा. तुमचं जेवण झालेलं आहे." मांजर उतरायचं. एकेरीत त्या फक्त देवाशी बोलायच्या. देवघरासमोर उभ्या राहून "तुला कळतंय ना?" एवढंच म्हणायच्या आणि काय कळायला हवं होतं ते कधी सांगायच्या नाहीत.

'घट्ट' हा शब्द त्यांना चालायचा नाही. एका मुलीची आई तिला सोडायला आली होती. निघताना म्हणाली, "लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट लाव गं."

"घट्ट नाही, नीट लाव म्हणा," बाई जिन्यावरून म्हणाल्या.

"एकच की हो बाई."

"एकच नाही. घट्ट लावणाऱ्याला वाटतं काम झालं. नीट लावणारा बघतो."

ती आई माझ्याकडे बघायला लागली. मी पिठात डोकं घातलं.

बाई मायेच्या होत्या असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी कुणाला जवळ घेतलेलं मी पाहिलं नाही. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात घराच्या आठवणीने रडायच्या. बाई अशा मुलीसमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चला." तिला एका नळापाशी न्यायच्या. "हा आजपासून तुमचा. रोज पुसायचा. पांढरे डाग दिसले तर मावशींकडून पिळलेल्या लिंबाची साल घ्यायची आणि चोळायची. गळला तर मला सांगायचं." मुलगी रडायची थांबून बघतच राहायची. नळ कसला देता, असं तिच्या तोंडावर दिसायचं. पण दिवाळीला आईवडील न्यायला आले की त्याच मुली आईचा हात धरून न्हाणीघरात घेऊन जायच्या. "आई, हा माझा."

मी बाईंकडे लागले ती माझ्या हातामुळे. लोक मला हातामुळेच नको म्हणायचे, आणि बाईंनी हातामुळेच ठेवून घेतलं.

चांदवडकडच्या आमच्या गावी माझा उजवा हात मळणीच्या मशीनमध्ये सापडला. हात राहिला, पण दोन बोटं वळत नाहीत आणि मूठ आवळत नाही. पोळी लाटायला मूठ लागत नाही, तळवा लागतो, म्हणून माझं निभावलं. पण कपडे पिळणं, बरणीचं झाकण काढणं, नळ बंद करणं मला जमायचं नाही. माझे मालक वारल्यावर मी नाशिकला बहिणीकडे आले आणि काम शोधायला लागले. कुठेही गेले तरी हात पदराखाली ठेवायची. कुणी विचारलंच तर भाजलाय म्हणायची. भाजलेला हात बरा होतो असं लोकांना वाटतं.

बाईंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाल्या, "हात बाहेर काढा."

"कामाला काय अडचण नाय बाई. पोळ्या मी लय पातळ..."

"पोळ्यांचं मी विचारलंच नाही. तो नळ चालू आहे, तो बंद करा."

तो जुना पितळी नळ होता. मी उजव्या हाताने फिरवला, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी पिरगाळला. धार बारीक झाली, पण थांबली नाही. माझ्या कपाळाला घाम आला. हे कामही गेलं असं मला वाटलं.

"घरी कोण बंद करतं?" बाईंनी विचारलं.

"बहीण करती."

"आणि बहीण नसली तर?"

"मग खाली बादली ठेवते."

बाईंनी पुढे होऊन नळाकडे वाकून बघितलं, माझ्याकडे नाही. "म्हणजे नळ वाईट आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या."

हात वाईट आहे हे मी सगळ्यांकडून ऐकलं होतं. डॉक्टरांकडून, सासूकडून, कामं देणाऱ्या बायकांकडून. नळ वाईट आहे असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला ते पटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

बाई तेव्हा संस्थेच्या कमिटीशी नवीन नळांसाठी भांडत होत्या. भांडून त्यांनी ते मिळवले. कमिटीने आधी मुलींच्या मजल्यावर बसवायला सांगितले होते. बाईंनी पहिला नळ माझ्या स्वयंपाकघरात बसवून घेतला. त्याला लांब दांडी होती. मनगटाने ढकलली तरी पाणी सुरू, मनगटाने मागे ढकलली की बंद. पूर्ण फेरासुद्धा नाही, पाव फेरा. मी दोन-तीनदा उघडून मिटून बघितला आणि मग सारखी तेच करत राहिले.

"पुरे. तुमच्यासाठी नाही, पाण्यासाठी बसवलाय," बाई म्हणाल्या आणि पाना वाजवत निघून गेल्या.

खरं काय ते मला अजून माहीत नाही.

त्या नळाच्या आत काय असतं ते त्यांनी मला पोळ्यांवर शिकवलं. मी लाटत होते. त्यांनी ताटातल्या दोन भाजलेल्या पोळ्या उचलल्या आणि वाटीच्या काठाने दोन्हींना एकेक खिडकी पाडली. मला वाईट वाटलं. चांगल्या टम्म फुगलेल्या पोळ्या होत्या.

"बघा. जुन्या नळात काय असतं? रबराचा एक तुकडा, वायसर. नळ पिरगाळला की तो खाली उतरतो आणि भोकावर दाबून बसतो. दाबून दाबून झिजतो. झिजला की आणखी दाबायचं. म्हणजे जेवढा नळ म्हातारा तेवढा तुमचा जोर जास्त. ही कुठली रीत?" मग त्यांनी एक पोळी ताटात ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली. "ह्या नळात अशा दोन चकत्या असतात. चिनी मातीच्या, पण दगडासारख्या कडक. खालची बसलेली, वरची फिरणारी. खिडकीवर खिडकी आली की पाणी आलं." त्यांनी वरची पोळी थोडी फिरवली. "खिडकीवर भिंत आली की पाणी थांबलं. दाबायचं काही नाही. नुसतं सरकवायचं."

"मग पाणी मधल्या फटीतून नाय येणार?"

ह्या प्रश्नावर बाई खूश झाल्या. मला ते त्यांच्या भुवयांवरून कळलं. त्यांनी खोलीतून एका मोडलेल्या नळाच्या दोन चकत्या आणल्या. रुपयाहून लहान होत्या. त्या ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या आणि मला दिल्या. "ओढून वेगळ्या करा." मी ओढल्या. निघेनात. माझ्या हाताचं सोडा, तिथे पाणी प्यायला आलेल्या एका धडधाकट मुलीलाही निघेनात. "आता सरकवा." एका बोटाने सरकल्या.

"इतक्या सपाट घासलेल्या असतात की मध्ये वारासुद्धा शिरत नाही. पाणी कुठून शिरेल?"

"मग हे नळ कधीच गळायचे नायत."

"गळतात. मध्ये कुणी आलं की गळतात," बाई म्हणाल्या. "रेतीचा एक कण आला की रेघ पडते. बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. खालची रबराची कडी वाळते. किंवा कुणी शहाणा जोर लावतो आणि चकतीच तडकवतो. चकती आपण होऊन कधी गळत नाही."

मग त्यांनी त्या खिडक्या पडलेल्या दोन्ही पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या. तुकडा टाकला नाही.

पाण्याचंही तसंच. पाहुण्याने ग्लासात पाणी ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. त्या पाहुण्याच्या जाण्याची वाट बघायच्या आणि तो फाटकाबाहेर पडला की ग्लास मागच्या बादलीत ओतायच्या. एकदा एक पालक परत छत्री न्यायला आले आणि बाईंना त्यांचा उष्टा ग्लास हातात घेऊन जाताना बघितलं. "बाई, काय हे, तुम्ही कशाला?" ते म्हणाले. "तुम्ही प्यायला नाहीत म्हणून," बाई म्हणाल्या. बाईंचं पाण्याशी असं का होतं ते कुणाला माहीत नव्हतं. एका मुलीने विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "कारण सांगितलं की माणसं कारणाशी वाद घालतात. नळ बंद करा आणि जा."

पाणी वाहताना दिसलं की त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. ते मी कितीदा तरी बघितलं होतं, आणि मुली हसायच्या तशी मीही मनात हसायची.

त्या उन्हाळ्यात आमची जुनी बोअर आटली. संस्थेने मागच्या बाजूला नवीन बोअर पाडली आणि प्लंबरने ती लाइन टाकीला जोडली. त्यानंतर काही दिवसांनी बाई भाचीच्या मुलीच्या बारशाला पुण्याला गेल्या. त्या गेल्या आणि माझा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आधी थेंब थेंब. मी दांडी मागे ढकलली, पुन्हा पुढे आणली, पुन्हा मागे ढकलली. थेंब थांबेना. संध्याकाळी घरी जाताना मी अंगाचा भार देऊन दांडी दाबली. नळ नवीन होता आणि चांगला होता, म्हणजे आता हा हात एवढंही करू शकत नाही, असं मला वाटलं. सांगायला बाई नव्हत्या, आणि दुसऱ्या कुणाला माझ्या हाताबद्दल सांगायची माझी हिंमत नव्हती.

रात्रीत थेंबाची धार झाली. लाइट नव्हती, त्यामुळे मोटार चालली नाही आणि टाकी भरली गेली नाही. सकाळी मी आले तर टाकी रिकामी, आणि मुलींचे पेपर. अंघोळीला पाणी नाही, चहाला नाही. मुली बाजूच्या बंगल्यांत तांब्या घेऊन फिरल्या आणि तशाच परीक्षेला गेल्या. जाताना एकीने वडिलांना फोन केला. तिच्या वडिलांनी सेक्रेटरीसाहेबांना केला.

सेक्रेटरीसाहेब आणि कमिटीचे आणखी एक जण आले तेव्हा बाई नुकत्याच पुण्याहून येऊन बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लाइट येऊन मोटार सुरू झाली होती आणि नळाची धार लागलेलीच होती. मी खाली पातेलं ठेवलं होतं.

सेक्रेटरीसाहेब वाईट माणूस नव्हते. ते ओरडलेही नाहीत. "बाई, तुम्ही गावाला होतात, तुमच्याबद्दल काही नाही. पण ह्या मावशींच्या हाताचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज नळ अर्धवट राहिला. उद्या गॅसचं बटण अर्धवट राहिलं तर? वर एवढ्या मुली झोपतात. ही रिस्क मी कशी घेऊ, तुम्हीच सांगा."

गॅसचं खरंच होतं असं मला वाटलं. मी म्हणाले, "हो साहेब. माझाच हात. मी जाते."

"मावशी, तुम्हाला महिना पूर्ण देऊ," दुसरे म्हणाले.

बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत असं कधी व्हायचं नाही, म्हणून मी वर बघितलं. त्या नळाकडे बघत होत्या. त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं आणि दर जूनमध्ये कमिटी त्यांना आणखी एक वर्ष देत होती. यंदा कॉम्प्युटर येणारी तरुण रेक्टर बघावी असं कमिटीत चाललंय, हे भांडी घासणारीलाही माहीत होतं. बाई तेव्हा मनात काय जोखत होत्या ते मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, त्याही माझ्या हाताचाच विचार करतायत.

मग त्यांनी बॅग खाली ठेवली, सिंकखालचा कॉक बंद केला आणि कमरेचा पाना काढला. नळाचं डोकं सोडवलं, आतला भाग ओढून काढला आणि त्यातल्या चकत्या वाटीत धुतल्या. एकेक खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी धरली. दुसऱ्या चकतीवर बारीक गोल रेघ होती, दुधात पडलेल्या केसासारखी. वाटीच्या तळाला काही कण बसले होते. बाईंनी ते बोटावर घेतले.

"हात पुढे करा."

सेक्रेटरीसाहेबांनी हात पुढे केला.

"चोळा."

त्यांनी चोळलं. "रेती आहे."

"रेतीच आहे. चकत्यांत रेघ पडल्यावर हा नळ पैलवानाच्या हातानेसुद्धा बंद होणार नाही. ह्यांनी जेवढा फिरवला तेवढी रेघ वाढली. ह्यांनी बंद करायचा प्रयत्न केला हाच काय तो दोष."

"म्हणजे नळच बोगस निघाले," दुसरे गृहस्थ म्हणाले. "आपण तेव्हाच म्हणत होतो, साधे नळ बरे."

बाई इथे थांबल्या असत्या तरी मी वाचले असते. नळवाल्याचं नाव झालं असतं आणि सगळे घरी गेले असते. पण त्या चकती हातात धरून म्हणाल्या, "नळ चांगला होता. ह्यांचा हातही चांगला आहे. रेती मी आत ठेवली."

कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही. मग बाईंनी सांगितलं आणि ऐकता ऐकता मला तो दिवस आठवला. नवीन बोअर जोडली त्या दिवशी प्लंबरने सगळे नळ काढून लाइन मोकळी सोडली होती. नवीन बोअरची रेती निघून जाईपर्यंत पाणी दिवसभर वाहू द्यायला लागतं, तसं त्याने सांगितलंही होतं. गढूळ पाणी गटाराकडे धो धो जायला लागलं आणि बाई वरून धावत आल्या. मी दारात लसूण सोलत बसले होते. "पुरे, पुरे! स्वच्छ झालंय." "बाई, अजून लाल येतंय." "राहिलेलं टाकीच्या तळाला बसेल. एवढं पाणी गटारात?" आणि त्यांनी स्वतः कॉक बंद केला होता. प्लंबर डोकं खाजवत नळ बसवायला लागला होता. मी ते बघितलं होतं, पण त्याचा ह्या गळण्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"वाहतं पाणी मला बघवत नाही," बाई सेक्रेटरीसाहेबांना म्हणाल्या. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगितलं. "माझ्या न बघवण्यापायी मुली आज बिनअंघोळीच्या पेपरला गेल्या. ह्यात ह्यांचा हात कुठे येतो?"

सेक्रेटरीसाहेब तळहातावरचे कण झटकायचं विसरले होते. "बाई, हे तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं."

"तुमचं चाललं असतं. ह्या घरी गेल्या असत्या."

"आणि गॅसचं काय?"

"ते त्यांनाच विचारा. रोज त्याच पेटवतात."

मला कुणी विचारलं नाही. मीच पुढे झाले, शेगडीचं बटण अंगठा आणि तळवा लावून फिरवलं, पेटवलं, आणि विझवलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "ठीक आहे मावशी. तुम्ही कामाला राहा." जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला, पण त्यांच्याकडे बघून नाही.

जूनमध्ये बाईंना पुढचं वर्ष मिळालं नाही. कारण वयाचं दिलं, आणि ते खोटं नव्हतं. कमिटीने हळूहळू वरचे नळ काढून साधे बसवले. बाईंनी जाण्याआधी कमिटीकडे एकच गोष्ट मागितली, की वर काय हवं ते करा, स्वयंपाकघरातला नळ तेवढा राहू द्या. तो राहिला. मीही राहिले. आता दोन वेळा त्याच्या चकत्या बदलून झाल्या.

वसतिगृह सोडून गेल्या तेव्हा बाई निरोपसमारंभ नको म्हणाल्या. मुली फाटकापाशी रडत उभ्या होत्या. बाईंनी रिक्षावाल्याला सांगितलं, "अहो, सावकाश घ्या, बॅगेत काचेच्या बरण्या आहेत." माझ्याशी त्या निघताना काही बोलल्या नाहीत, आणि मला तर कधीच बोलता येत नाही. पुढे त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय बोलायचं ते सुचायचं नाही. आता त्या गेल्यावर मनात येतं, फोन करून नुसतं 'आज पोळी नीट झाली' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण मला बाई आठवतात त्या फाटकातल्या नाहीत. कमिटीची माणसं गेली त्याच दुपारच्या आठवतात.

त्यांनी प्लंबरला बोलावलं. "सगळे नळ काढा आणि लाइन सोडा," त्या म्हणाल्या.

प्लंबर जरा चाचरला. "बाई, तुम्ही हाफिसात बसा. झालं की मी सांगतो. तुम्हाला बघवायचं नाही."

"मी इथेच बसते."

स्वयंपाकघरातला नळ काढल्यावर भिंतीत नुसता पाइप राहिला. प्लंबरने वरचा कॉक सोडला आणि पाइपातून धार सुटली. लाल, मग मातकट, मग तांदळाच्या धुवणासारखी. सिंकमधून खाली, मोरीतून बाहेर, गटारात. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरपुढे रांगा लागत होत्या. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. पाण्याच्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. दोनदा त्या उठल्या, कॉकपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. मी कणीक मळायला घेतली होती, पण मळवत नव्हती.

बऱ्याच वेळाने पाणी स्वच्छ दिसायला लागलं. सिंकचा तळ दिसायला लागला. बाई पाना घेऊन उठल्या आणि माझ्याजवळ आल्या.

"अहो, बघा हो. झालं ना आता? बंद करू?"

त्यांनी कधी कुणाला असं विचारल्याचं मला आठवत नाही. आणि मी तर त्यांच्या प्रत्येक बोलण्याला "हो बाई" म्हणत आले होते. तोंडात तेच आलंही होतं. मी हाताची कणीक काढली आणि उजवा हात धारेखाली धरला. माझ्या बोटांना कमी कळतं, तळव्याला कळतं. पाणी गार होतं. आणि त्यात बारीक रव्यासारखं काहीतरी तळव्यावरून सरकत होतं.

बाई पाण्याकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाय बाई," मी म्हणाले. "अजून लागतीय रेती. वाहू द्या."

त्यांनी डोळे मिटले. मग पाना ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही सांगाल तेव्हा."

मी हात तसाच पाण्याखाली धरून उभी राहिले.